फ्रँचायझी घेताय? करारनामा शेवटच्या पानापासून वाचा

अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्या कंपनीला सही किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी समोरच्याला एक सविस्तर माहितीपत्र द्यावं लागतं. कंपनीवर कोणते खटले चालू आहेत, किती शाखा बंद पडल्या, जुन्या फ्रँचायझीधारकांशी संपर्क कुठे करायचा, हे सगळं त्यात असतं. भारतात असं बंधन कुणावर नाही, कारण फ्रँचायझीसाठी वेगळा कायदाच नाही. १८७२ चा करार कायदा, १९९९ चा ट्रेडमार्क कायदा, जीएसटी, लवाद कायदा, भाड्याचा कायदा अशा तुकड्यांवर हा सगळा व्यवहार चालतो. त्यामुळे तुम्ही सही केलेला करारनामा हाच तुमच्यापुरता कायदा ठरतो, आणि तो जवळजवळ नेहमी समोरच्याच्या वकिलाने लिहिलेला असतो.

हा लेख मुख्यतः महाराष्ट्रात चहा, मिसळ, वडापाव, आइस्क्रीम अशा खाण्यापिण्याच्या ब्रँडची पहिली फ्रँचायझी घेणाऱ्यांसाठी आहे. स्वतःचा चालता धंदा फ्रँचायझीवर द्यायचा विचार असेल, तर तुमच्यासाठीही पुढे एक भाग आहे.

पायरी १ : टोकन देण्याआधी समोर कोण आहे ते बघा

नावाजलेल्या ब्रँडच्या बनावट वेबसाइट काढून फ्रँचायझीच्या नावाखाली पैसे उकळणं हा आता जुना धंदा झाला आहे. अमूलच्या नावाने निघालेल्या अशा वेबसाइटविरुद्ध मूळ संस्थेला २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. तेव्हा जाहिरातीतल्या नंबरवर फोन करू नका. ब्रँडच्या चालू दुकानात जा, पाकिटावर किंवा बिलावर छापलेला कंपनीचा नंबर घ्या आणि तिथून सुरुवात करा. पैसे कंपनीच्या नावावरच्या खात्यातच भरायचे, कुणा ‘एरिया मॅनेजर’च्या यूपीआयवर कधीच नाही. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा. पैसे पुढे सरकण्याआधी खातं गोठवलं गेलं, तरच काही हाती लागतं.

कंपनी खरी असली तरी तीन गोष्टी घरबसल्या तपासता येतात.

पहिली म्हणजे कंपनी व्यवहार मंत्रालयाची वेबसाइट. कंपनी कधी स्थापन झाली, भागभांडवल किती, संचालक कोण, कर्जाचा बोजा आहे का, हे तिथे दिसतं. थोडी फी भरली की ताळेबंदही मिळतो. पन्नास शाखांची जाहिरात करणाऱ्या कंपनीचा ताळेबंद दोन वर्षं दाखलच झालेला नसेल, तर पुढची चौकशी करायचीही गरज नाही.

दुसरी, ट्रेडमार्क. सरकारच्या ट्रेडमार्क वेबसाइटवर फुकट शोध घेता येतो. ‘अर्ज केला आहे’ आणि ‘नोंदणी झाली आहे’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नावापुढे टीएम कुणीही लावू शकतो. वर्तुळातला आर मात्र नोंदणी झाल्याशिवाय लावता येत नाही. अर्जाच्या स्थितीत ‘ऑब्जेक्टेड’ (कार्यालयाचा आक्षेप) किंवा ‘अपोज्ड’ (दुसऱ्या कुणाचा विरोध) असं दिसलं तर कारण विचारा. वर्गही बघा : खाद्यगृहाची सेवा ४३ व्या वर्गात येते, चहा-कॉफी ३० व्या. मसाल्याच्या पाकिटासाठी नोंदवलेलं नाव हॉटेलच्या पाटीला आपोआप लागू होत नाही. आणि मालक कोण हे नीट वाचा. नाव मोठ्या भावाच्या नावावर आणि करार धाकट्याच्या कंपनीशी, असा मामला आपल्याकडच्या घरगुती धंद्यांत नवा नाही. भाऊ वेगळे झाले की पाटी कुणाची हा प्रश्न तुमच्या दाराशी येतो. तसंच ‘मिसळ’, ‘अमृततुल्य’ हे शब्द सगळ्यांचे आहेत. तुम्ही पैसे मोजता ते त्यामागच्या वेगळ्या नावासाठी. ते नाव गल्लोगल्ली चालत असेल तर कशाचे पैसे मोजताय ते स्वतःला विचारा.

तिसरी, ई-कोर्ट्सची वेबसाइट. पक्षकाराच्या नावाने शोध घ्या. एकेकाळचे फ्रँचायझीधारक कंपनीविरुद्ध कोर्टात उभे असतील तर ते इथेच सापडतील.

मग प्रत्यक्ष दुकानदारांना भेटा, पण कंपनीने दिलेल्या यादीतल्यांना नाही. ब्रँडची जुनी सोशल मीडिया पानं चाळा, दोन-तीन वर्षांपूर्वी उद्घाटन झालेली आणि आज न दिसणारी दुकानं शोधा. बंद केलेला माणूस अर्ध्या तासात जे सांगतो ते चालू दुकानदार सांगणार नाही. त्याला उद्याही त्याच कंपनीकडून माल घ्यायचा असतो.

पायरी २ : दुकान कोण चालवणार?

बाजारात ‘फोफो’ आणि ‘फोको’ हे दोन शब्द ऐकाल. फोफोमध्ये दुकान तुमचं आणि चालवणारेही तुम्हीच. फोकोमध्ये पैसा आणि जागा तुमची, चालवणार कंपनी. तुम्हाला दरमहा ठरावीक रक्कम किंवा नफ्याचा वाटा मिळणार.

फोकोत ‘दरमहा अमुक टक्के खात्रीशीर परतावा’ असं कुणी म्हणालं की सावध व्हा. धंद्यावर तुमचा काहीच ताबा नाही आणि परतावा मात्र ठरलेला, अशी योजना फ्रँचायझीचं नाव लावलेली ठेव योजना ठरू शकते. त्यासाठी महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे, केंद्राचा २०१९ चा अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणारा कायदाही आहे. पण हे कायदे बहुधा पैसे अडकल्यावर कामाला येतात, आणि वसुलीला वर्षं जातात. घरबसल्या उत्पन्न हवं असेल तर बँकेत ठेव ठेवा. तिथे निदान नियमन तरी आहे.

पायरी ३ : आकडे जीएसटीसकट मांडा

ब्रोशरवर ‘फ्रँचायझी फी फक्त ५ लाख’ असतं. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ५ लाख ९० हजार होतात. ‘जीएसटीचं क्रेडिट मिळेल हो,’ असं सेल्सवाला सांगतो. बहुतेक छोटी खाद्यगृहं ग्राहकाकडून ५ टक्के जीएसटी घेतात आणि त्या दराला इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही. म्हणजे हे ९० हजार सरळ खर्चात. रॉयल्टीवरचा, म्हणजे विक्रीतून कंपनीला द्यायच्या हिश्श्यावरचा, १८ टक्केही तसाच.

आता ऑनलाइन ऑर्डरचं एक गणित बघा. समजा रॉयल्टी ६ टक्के आणि करारात ती ‘ढोबळ विक्रीवर’ लिहिली आहे. डिलिव्हरी ॲपवर २०० रुपयांची ऑर्डर आली. ॲपचं कमिशन २५ टक्के धरलं तर ५० रुपये, त्यावर जीएसटी ९ रुपये. कंपनीची रॉयल्टी मात्र पूर्ण २०० वर : १२ रुपये, वर जीएसटी २ रुपये १६ पैसे. तुमच्या हातात उरले १२६ रुपये ८४ पैसे, आणि अजून कच्चा माल, पगार, भाडं, गॅस, वीज बाकी आहे. म्हणून रॉयल्टी ‘ॲपचं कमिशन आणि कर वजा जाता उरलेल्या विक्रीवर’ असा बदल मागा. मोठे ब्रँड ऐकणार नाहीत. पाच-पंचवीस शाखांचा ब्रँड बऱ्याचदा ऐकतो. रॉयल्टीवर टीडीएस कापायची जबाबदारी तुमच्यावर येते का, तेही सीएला आधीच विचारून ठेवा.

पायरी ४ : तोंडी आश्वासनं कागदावर आणा

‘महिन्याला दीड लाख सहज सुटतात’, ‘तीन किलोमीटरमध्ये दुसरं दुकान देत नाही’, ‘नाही चाललं तर डिपॉझिट परत’. ही तीन वाक्यं फोनवर सर्रास ऐकू येतात. करारनाम्यात मात्र एक कलम असं असतं : आधीची सगळी बोलणी, ब्रोशर, मेसेज या करारात विलीन झाले असून करारात नसलेल्या कुठल्याही आश्वासनाला कंपनी बांधील नाही. तुमच्या सहीने ती तिन्ही वाक्यं पुसली जातात.

खोटं सांगून करार करवून घेतला तर तो रद्द करण्याचा हक्क करार कायदा देतो. पण त्याच कायद्याच्या १९ व्या कलमात एक अपवाद आहे. साध्या चौकशीने खरं काय ते कळू शकलं असतं, तर नुसतं चुकीचं सांगितलं किंवा काही लपवलं एवढ्यावर करार मोडता येत नाही. पहिल्या पायरीवर इतका भर दिला तो यासाठी.

आश्वासन महत्त्वाचं असेल तर ते कराराला परिशिष्ट म्हणून जोडा. कंपनी तयार नसेल तर निदान ईमेल करा : ‘आपल्या आजच्या बोलण्यानुसार खालील गोष्टी ठरल्या, काही चुकलं असल्यास कळवावे.’ व्हॉट्सॲपचे मेसेज पुढे पुरावा म्हणून दाखल करता येतात, त्यासाठी ठरावीक प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून तो मूळ फोन जपा, विकू नका.

पायरी ५ : करारनामा, शेवटाकडून

करार बहुधा इंग्रजीत असतो. ‘मला इंग्रजी समजत नव्हतं’ हे कोर्टात सहसा चालत नाही; सही म्हणजे संमती. वकिलाला कलमवार मराठीत समजावून सांगायला लावा. फ्रँचायझी फीच्या मानाने त्याची फी किरकोळ असते, आणि तो वकील कंपनीने सुचवलेला नको.

आधी करार संपवण्याचं कलम काढा. साधारण असं दिसेल : ‘कोणतेही कारण न देता ३० दिवसांची लेखी नोटीस देऊन कंपनी हा करार संपुष्टात आणू शकेल.’ या एका ओळीत तुमचं सगळं भांडवल अडकलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस या खटल्यात म्हटलं, की ३० दिवसांच्या नोटिशीने संपवता येणारी डीलरशिप चुकीच्या पद्धतीने संपवली, तरी भरपाई त्या ३० दिवसांच्या नुकसानीपुरतीच. डीलरशिप परत मिळणार नाही. तुमचं इंटिरिअर २० लाखांचं असलं तरी हिशेब एका महिन्याचा.

उपाय म्हणजे, विनाकारण करार संपवण्याचा हक्क काढून टाकायला सांगा. तेवढं झालं नाही, तर पहिली तीन वर्षं तो वापरता येणार नाही असं लिहून घ्या. काही चूक झाली तर आधी लेखी कळवून ती सुधारायला ३० ते ६० दिवस मिळावेत. आणि तुम्हालाही बाहेर पडायचा तसाच हक्क हवा. लॉक-इन (ठरावीक काळ बाहेर न पडायचं बंधन) फक्त तुमच्यावर आणि नोटिशीचा हक्क फक्त कंपनीला, असा एकतर्फी करार अगदी नेहमीचा आहे.

ब्रँडचं नाव शेवटी मालकाचंच राहतं, हे मोठ्या खेळाडूंनाही चुकलेलं नाही. उत्तर आणि पूर्व भारतातली मॅकडोनाल्ड्सची रेस्टॉरंट विक्रम बक्षी यांच्यासोबतची ५०-५० टक्क्यांची कंपनी चालवत होती. २०१३ मध्ये वाद पेटला आणि ऑगस्ट २०१७ मध्ये मॅकडोनाल्ड्सने १६९ रेस्टॉरंटचा फ्रँचायझी करार रद्द केल्याचं जाहीर केलं. तडजोड झाली ती मे २०१९ मध्ये, बक्षींचा हिस्सा मॅकडोनाल्ड्सने घेतल्यावर. त्यांच्याकडे निम्मी मालकी होती आणि लढायला वकिलांची फौज होती. तुमच्याकडे एक गाळा असेल.

गाळ्याचा विषय निघालाच आहे, तर इथे एक नेहमीचा सापळा आहे. घरमालक तीन वर्षांचं लॉक-इन मागतो आणि कंपनी ३० दिवसांत करार संपवू शकते. पाटी उतरली तरी भाडं चालूच. दोन्ही कागद समोरासमोर ठेवून मुदती जुळवा. फ्रँचायझी करार संपला तर दोन महिन्यांच्या नोटिशीने गाळा सोडता येईल, किंवा तिथेच दुसरा धंदा करता येईल, असं घरमालकाकडून लिहून घ्या. लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी महाराष्ट्रात सक्तीची आहे. ११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही हा गैरसमज आहे.

मग डिपॉझिट. ‘फी’ आणि ‘डिपॉझिट’ वेगवेगळ्या ओळीत लिहा. फी सहसा परत मिळत नाही, डिपॉझिट मिळायला हवं, आणि किती दिवसांत ते लिहायला हवं. ‘कोणत्याही कारणाने करार संपल्यास संपूर्ण रक्कम जप्त’ असं कलम दिसलं म्हणून हाय खाऊ नका. करार कायद्याच्या ७४ व्या कलमानुसार वाजवी भरपाईच मिळते, आणि काहीच नुकसान झालं नसेल तर जप्ती टिकत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या कैलाशनाथ खटल्यात सांगितलं आहे. अर्थात ते मिळवायला कोर्टाची पायरी चढावी लागते, म्हणून कलम आधीच बदलून घेतलेलं बरं.

स्पर्धेवरच्या बंदीबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. करार चालू असताना तोच धंदा दुसऱ्या नावाने करायचा नाही, हे बंधन वैध आहे. कोका-कोला आणि गुजरात बॉटलिंगच्या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. करार संपल्यानंतर ‘दोन वर्षं, पाच किलोमीटरमध्ये चहाचा धंदा करायचा नाही’ हे मात्र करार कायद्याच्या २७ व्या कलमापुढे सहसा टिकत नाही. पण त्यांचं नाव, रंगसंगती, मेन्यूची मांडणी, गुप्त मसाल्याची कृती वापरली तर कोर्ट तुम्हाला थांबवेल. जुनी पाटी काढून तशाच रंगात मिळत्याजुळत्या नावाची पाटी लावणारे इथेच अडकतात.

क्षेत्राचं कलम मोजमापासकट हवं : अंतर हवाई की रस्त्याने, कुठून कुठे. त्या क्षेत्रात क्लाउड किचन (फक्त डिलिव्हरीसाठीचं स्वयंपाकघर) किंवा मॉलमधला काउंटर चालेल का, आणि ॲपवर तुमच्या भागातली ऑर्डर शेजारच्या शाखेला जाऊ शकते का, हेही त्यात यायला हवं. ॲपवरचं दुकानाचं खातं कुणाच्या नावावर आणि पैसे कुणाच्या बँकेत जमा होतात, हे विसरलात तर गल्ला दुसऱ्याच्या हातात.

कच्चा माल कंपनीकडूनच घ्यायची अट असतेच. चव सारखी राहायला मसाला, चहा पावडर, सॉस त्यांच्याकडून घेणं रास्त आहे. पण साखर, टिश्यू आणि कागदी कपही त्यांच्याकडूनच, तेही बाजारभावाच्या वर? मग कंपनी रॉयल्टीपेक्षा मालावरच जास्त कमावते आहे असं समजा. भाववाढीची मर्यादा आणि माल वेळेत आला नाही तर बाहेरून घ्यायची मुभा, दोन्ही लिहून घ्या.

कोरे सह्या केलेले धनादेश देऊ नका. ‘सिक्युरिटीसाठी फक्त’ म्हणून दिलेला धनादेश पुढे बँकेत टाकला गेला आणि परत आला, की धनादेशांविषयीच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स) कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला तुमच्यावर होऊ शकतो. द्यावाच लागला तर रक्कम, तारीख भरून आणि कशासाठी दिला ते करारात नमूद करून द्या. वैयक्तिक हमीचंही तसंच. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) काढून फ्रँचायझी घेतली आणि वर नवरा-बायको दोघांनी वैयक्तिक हमी दिली, तर एलएलपीच्या मर्यादित जबाबदारीचा फायदा गेलाच.

पायरी ६ : मुद्रांक आणि परवाने

१०० रुपयांच्या स्टॅम्पवर काम भागवायचे दिवस गेले. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात किमान मुद्रांक ५०० रुपये झाला, आणि करारातल्या रकमेनुसार तो जास्तही लागू शकतो. कमी मुद्रांकाचा करार रद्द ठरत नाही, पण फरक आणि दंड भरेपर्यंत पुरावा म्हणून चालत नाही. सही झालेली मूळ प्रत तुमच्याकडेही हवी, झेरॉक्स नव्हे.

अन्न परवाना तुमच्या नावावर आणि तुमच्या पत्त्यावर हवा. कंपनीचा परवाना तुमच्या दुकानाला चालत नाही. दुकाने कायद्याखालची नोंद किंवा सूचना, महापालिका किंवा नगरपालिकेचे परवाने, सोसायटीतला गाळा असेल तर त्यांचा ना-हरकत दाखला हे ओघाने आलंच. एक गोष्ट परराज्यातल्या ब्रँडच्या लक्षात नसते : दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत हवी आणि ती अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हे छोट्या दुकानांनाही लागू आहे. कंपनीचं पाटीचं डिझाइन मंजूर करतानाच बघा. नोटीस येईल ती तुमच्या नावाने येईल.

फ्रँचायझी देणाऱ्यांसाठी

आधी नाव नोंदवा. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी व्यक्ती किंवा लघुउद्योगासाठी एका वर्गाला ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. नोंदणी १० वर्षांची, मग नूतनीकरण. एक दुकान चांगलं चाललं म्हणून लगेच फ्रँचायझी विकायला काढू नका. तुमच्या हाताशिवाय दुसरं दुकान वर्षभर नफ्यात चालू द्या, त्यातूनच कार्यपुस्तिका तयार होते. कृती, वजनं, स्वच्छता, बिलिंग सगळं त्यात लिहा आणि करारात तिचा उल्लेख करा. नाहीतर दर्जा घसरल्याचं सिद्ध कसं करणार?

कायदा मागत नसला तरी माहितीपत्र द्या. चालू आणि बंद शाखा, खर्चाचा खरा अंदाज, चालू खटले त्यात लिहा आणि मिळाल्याची सही घ्या. ‘मला फसवलं’ या आरोपाला याहून चांगलं उत्तर नाही. आणि सेल्सच्या पोरांना उत्पन्नाची खात्री द्यायला सक्त मनाई करा. त्यांच्या व्हॉट्सॲपवरचं वाक्य कोर्टात तुमचंच धरलं जाईल.

पायरी ७ : वाद झालाच तर

रागाने रॉयल्टी थांबवू नका. पहिली चूक तुमची ठरते आणि कंपनीला करार संपवायला कारण मिळतं. तक्रार लेखी करत राहा, गरज पडली तर ‘हक्क राखून’ असं लिहून पैसे भरा.

करारात लवाद, म्हणजे कोर्टाऐवजी नेमलेल्या पंचाकडून निवाडा, असेल तर त्याचं ठिकाण बघा. ‘लवाद दिल्लीत’ म्हणजे सांगलीच्या माणसाला तारखेला दिल्ली, आणि त्याविषयीचे अर्जही तिथल्याच कोर्टात. ‘एकमेव लवाद कंपनीच नेमेल’ हे कलम सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालानंतर टिकत नाही. उच्च न्यायालयाकडून तटस्थ लवाद नेमून घेता येतो. माझं मत विचाराल तर दहा-पंधरा लाखांच्या आतल्या व्यवहारात तीन लवादांचं कलम घालूच नये. त्यांच्या फीतच निम्मा दावा संपतो.

लवाद नसेल तर फ्रँचायझीचा वाद व्यावसायिक न्यायालय कायद्यात बसतो, रक्कम किमान ३ लाख हवी. तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. छोट्या फ्रँचायझीधारकाला डिपॉझिट परत मिळवायची खरी संधी बहुधा याच टेबलावर असते, कारण कंपनीलाही नव्या ग्राहकांना दिसेल असा खटला नको असतो. पोलिसांकडे गेलात तर ‘हा दिवाणी मामला आहे’ हे ऐकायची तयारी ठेवा. सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता हे कागदांवरून दिसत असेल, तेव्हाच तिथे दाद लागते. ग्राहक आयोगातही व्यापारासाठी घेतलेली सेवा सहसा बसत नाही. केवळ स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल तर मांडणी करून बघता येते.

दाव्याची मुदत साधारण ३ वर्षांची. ‘बघतो, करतो, पुढच्या महिन्यात देतो’ या उत्तरांत ती संपते. डिपॉझिट थकल्याची तारीख लिहून ठेवा आणि वकिलाची नोटीस पहिल्याच वर्षात जाऊ द्या. नुसत्या नोटिशीने मुदत थांबत नाही. मध्यस्थीत गेलेला काळ मात्र त्यातून वगळला जातो.